मी सामंत वैनी झालो तो दिवस

“भावजी, एक दिवस तुमका मी होवक जमतला?”

कुमुदिनी सामंत कुंपणापलीकडून असं म्हणाली तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात बसून आंब्यांची आढी चाळवत होतो. हातातला आंबा हातातच राहिला. आयुष्यभर लोकांनी मला राणी हो म्हटलं, देवी हो म्हटलं, एकदा तर ऐन वेळी हरीण हो म्हटलं, तेही झालो. पण ‘मी हो’ असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणत होतं कोण, तर सामंत वैनी! जिच्या तोंडून दिवसाकाठी दोन शब्द निघाले तर आमच्या आंबेखोल गावात माणसं एकमेकांना थांबवून सांगायची, आज वैनी बोलली म्हणून.

मी भिकाजी मांजरेकर. दशावतारातला स्त्रीपार्टी. म्हणजे नाटकात बायकांचे पार्ट करणारा बाप्या. माझी ऐट वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंत ठाऊक होती. एका गावच्या खोतानं माझा पार्ट बघून दुसऱ्या दिवशी रीतसर मागणी घातली होती. मी नाही म्हटलं, कारण त्याला आधीच दोन बायका होत्या, आणि मला एक. आता ही गोष्ट घडली तेव्हा मी काम सोडून बरीच वर्षं झाली होती, डोक्यावर केस म्हणून नव्हता, पण पदर घेतला की अजून वाटेनं जाणारा वळून बघेल एवढी घमेंड शाबूत होती.

“वैनी, म्हंजे काय करूचा?”

“उद्या दिवसभर माझ्या मागच्या पडवीत बसूचा. माझा लुगडा नेसान. सोलां आगळात बुडवची आणि वाळत घालूची. बाकी कायच नाय.”

“आणि तुमी?”

“मी जातंय. खंय ता इचारूचा नाय. सांजच्या आत येतंय.”

मी डोक्याला हात लावला, कारण मला सगळं कळलं. कळलं नाही ते फक्त ‘खंय’, म्हणजे कुठं.

वैनीच्या मागच्या पडवीत एक डोळा होता. गाव त्याला हेमंताचा डोळा म्हणायचं. हेमंत हा तिचा एकुलता मुलगा, अमेरिकेत. दोन वर्षांपूर्वी वैनी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तासभर तशीच पडून राहिली. हेमंत विमानानं आला. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत राहिला आणि जाताना पडवीच्या वाशाला सुपारीच्या डबीएवढा कॅमेरा लावून गेला. आत कॉम्प्युटर, लाइट गेली तर इन्व्हर्टर, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट. दर मिनिटाला पडवीचा एक फोटो निघायचा आणि तो हेमंतानं बांधलेल्या इंटरनेटच्या पानावर जाऊन बसायचा. पुढचा आला की आधीचा पुसला जायचा. आवाज नाही, हालचाल नाही, मिनिटाला एक चित्र.

आणि हेमंतानं आईला निक्षून सांगितलं होतं, “ज्या दिवशी तू मला इथं दिसणार नाहीस, त्या दिवशी मी तिकीट काढणार. घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे. कायमची.”

वैनी एकदा त्याच्याकडे राहून आली होती. परत आल्यावर फिलोमिना टीचरनं विचारलं, कसं काय होतं गो? वैनी म्हणाली, “थंय खिडक्यो उघडत नाय.” एवढंच. पण त्यानंतर तिनं महिनाभर घरातली एकही खिडकी रात्रीसुद्धा लावली नव्हती.

तेव्हा तो डोळा म्हणजे तिच्या घराची किल्ली होती. एक दिवस दिसली नाही तर घर गेलं.

गंमत पुढेच आहे. ते पान हेमंतानं बांधलं, पण त्याला दार लावायचं राहिलं. कोण कुठली माणसं त्यावर येऊन बसायला लागली. दोनेकशे असतील. बहुतेक बायकाच. नॉर्वेमधली एक इंग्रिड नावाची बाई, तिच्याकडे हिवाळ्यात म्हणे दिवस उजाडतच नाही, म्हणून ती आमच्या पडवीतलं ऊन बघायला यायची. स्कॉटलंडमधली एक म्हातारी, मॉरीन. लिस्बनची एक तेरेझा, ती जन्मापासून बहिरी. फोटोखाली चार ओळी लिहायची सोय होती, तिथं त्या लिहायच्या. आज आजीनं हिरवं नेसलंय. आज आजीचे हात लाल का? कुणी म्हणे रक्त, कुणी म्हणे रंग. कोकमाचा मोसम चालला होता, दुसरं काय! फिलोमिना लोबो म्हणजे आमच्या हायस्कुलातल्या निवृत्त इंग्रजी टीचर. त्या रोज सकाळी येऊन वैनीला ते सगळं मराठीत करून सांगायच्या. वैनी ऐकायची, मान हलवायची, कामाला लागायची. हेमंताला त्या ओळी दिसायच्या, तो म्हणायचा, असू दे, रिकामटेकडे लोक आहेत.

गावानं मात्र वैनीकडे बघणं कधीच सोडलं होतं. विधवा बाई, मुलगा परदेशात, बोलत नाही, भांडत नाही. अशा माणसाकडे कोण बघतं?

“तुमी राणी झालास, देवी झालास,” वैनी म्हणाली. “माझो पार्ट काय कठीण आसा?”

स्त्रीपार्टीला असं विचारणं म्हणजे बैलाला लाल फडकं.

“उद्या सकाळी लुगडा काढून ठेवा,” मी म्हटलं.

*

वैनी पहिल्या एस्टीनं गेली. खांद्याला कापडी पिशवी, ती छातीशी अशी धरलेली की आत तान्हं मूल असावं. मी मनात म्हटलं, कोर्ट नाहीतर डॉक्टर. या वयात बाईमाणूस गुपचूप जातं ते या दोनच ठिकाणी.

उजाडलं तेव्हा मी पडवीत बसलो होतो. पेटीतलं जुनं गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा टोप, काढून, खाली जाळीत अंबाडा घालून डोक्यावर चढवलेलं. वैनीचं फिकट निळं सुती लुगडं. हातात दोन-दोन बांगड्या. समोर आगळाचं पातेलं, म्हणजे रातांब्यांचा मीठ घातलेला लाल रस, बाजूला सुपांतून पसरलेली सोलं, म्हणजे त्याच कोकमफळांची सालं. ती रसात बुडवायची, पिळायची, परत उन्हात घालायची. दिवसामागून दिवस तेच केलं की त्याची आमसुलं होतात.

फिलोमिना टीचर आत कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. दार उघडं, त्यामुळं त्या मला दिसत होत्या, डोळ्याला दिसत नव्हत्या.

“भिकू, मान खाली घाल. राणी नाय तू. सोलां घालतस.”

“घातलंय की.”

“मगे हनवटी कित्याक वर? आणि बोटां काय अशी? फुलां तोडतस?”

“टीचर, तीस वर्सां लोकांनी ह्याच बोटांचे पैसे दिल्यानी.”

“दिले असतील. आता फुकट बस जरा.”

फोन वाजला. हेमंत झोपायच्या आधी रोज या वेळी फोन करायचा. त्याची रात्र, आमची सकाळ. वैनीनं आदल्या दिवशीच त्याला घसा धरल्याचं खोकून दाखवलं होतं. टीचरनी फोनचा आवाज मोठा केला.

“हेमंता, फिलोमिना टीचर बोलतंय.”

“येस टीचर!” पस्तिशीचा बाप्या, पण पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटतं तो उठून उभा राहिला.

“आईचो घसो पुरो बसलो. डॉक्टरान बोलू नको म्हणान सांगितल्यान.”

“दिसतेय मला ती. आई! ऐकू येतंय ना? जरा हात हलव.”

मी हात हलवला. हात तसाच वर धरून ठेवला. समुद्रापलीकडे तो चित्र बदलायची वाट बघत होता. माझ्या कपाळावरचा घाम गंगावनात शिरला.

“दिसला!” हेमंत म्हणाला. “अगं, छान दिसतेयस आज. ताठ बसलीयस. नेहमी कशी पोक काढून बसतेस. अशीच बसत जा. चल, मी झोपतो.”

फोन बंद झाला. मी सुपावर थाप मारली.

“टीचर! पोटचो पोर! जेका जल्म दिल्यान, तो फसलो! आता सांगा, ह्या मुलखात दुसरो कोण आसा असो?”

टीचर हसल्या नाहीत. चष्मा नाकावर ओढून त्या पडद्याकडे बघत होत्या.

“भिकू,” त्या म्हणाल्या, “नॉर्वेवाली इचारता, ही कोण?”

*

“ही कोण म्हंजे?”

“म्हंजे ही कोण. ‘ही आमची आजी नाही. ही कोण बसली आहे?’”

मी मान आणखी खाली घातली. पोक काढली. सोलं भराभर पिळली.

टीचर वाचत होत्या. “मॉरीन म्हणता, ‘मलाही तसंच वाटतंय. आजी पिळलेलं साल आधी हुंगते आणि मग टाकते.’ ... हुंगता, भिकू?”

“माका काय म्हायत!”

“रोज येतंय मी हय. मी बघूक नाय कधी.” टीचरांचा आवाज बारीक झाला. “आणखी एक. ‘ही बाई आमच्यासाठी बसली आहे. आजी कधी आमच्यासाठी बसत नाही.’”

ही ओळ मला अशी लागली की विचारू नका. म्हणजे बघा, मी तीस वर्षं माणसांसमोर उभा राहिलो. जत्रेला हजार-हजार माणसं बसायची. टाळ्या पडायच्या, बायका रडायच्या, त्या खोताचं तर सांगितलंच. पण माझं एक बोट चुकलं तर ते कळणारा त्यात एक तरी होता का? ते राणीला बघत होते. मला कुणी बघितलंच नव्हतं. आणि इकडे ही दोन शब्दांची बाई, जिच्याकडे तिच्या सख्ख्या मुलानं रोज बघून तिची पोक तेवढी बघितली, तिचं साल हुंगणं स्कॉटलंडात पाठ होतं.

“तेरेझा काय म्हणता?” मी विचारलं. बहिरी बाई, तिला तरी फसवलं असेल अशी वेडी आशा.

टीचरांनी मनातल्या मनात वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

“वाचा की.”

“म्हणता, ‘हिचं तोंड बंद आहे.’”

“मगे? वैनीचा तोंड बंदच आसता! गावाक इचारा!”

“‘आजीचे ओठ दिवसभर हलत असतात. मी सहा महिने बघते आहे. ती कुणाशी तरी बोलते. कधी रागावते, कधी हुकूम सोडते, दुपारी उजवीकडच्या खांबाकडे वळून हसते. मला तिची भाषा येत नाही, पण मला बोलणारं तोंड ओळखता येतं. ही ती नाही. आजी कुठं आहे?’”

 टीचर तिची तीस वर्षांची मैत्रीण, मी चाळीस वर्षांचा शेजारी. मुकी म्हणून जिला सगळं गाव ओळखत होतं, ती आमची पाठ वळली की दिवसभर बोलत होती?

“कोणाशी बोलता?” मी म्हटलं.

“देवाक म्हायत. माझ्यासमोर तर हं आणि ना.”

मी ओठ हलवायला लागलो. जुन्या नाटकातलं जे आठवेल ते, नुसतं तोंडातल्या तोंडात. मिनिट गेलं. टीचर म्हणाल्या, “आता म्हणतत, ‘तो तिची नक्कल करतोय.’ ‘तो’ म्हणतत, भिकू. बाप्यो आसस ताय कळला.”

मग मात्र ओळींवर ओळी पडायला लागल्या. टीचर वाचेपर्यंत खाली दुसरी. ब्राझीलमधली एक रात्रपाळीची नर्स म्हणत होती, हे काहीतरी वाईट आहे, घरात माणूस घुसलाय, आजीचे कपडे घालून बसलाय. इंग्रिड विचारत होती, हिंदुस्थानच्या पोलिसांचा नंबर कुणाला ठाऊक आहे? आणि मॉरीननं ते शोधून काढलं ज्याची आम्हाला भीती होती: पानाच्या तळाला मुलाचा ईमेलचा पत्ता आहे. त्याला कळवू या.

“टीचर, तुमी लिवा! इंग्लिशमधे लिवा की वैनी बरी आसा, सांजेक येता!”

“आणि ता हेमंत उठल्यावर वाचतलो! एकेक ओळ हय ऱ्हवता, भिकू. ज्येणी आपला नाव नोंदवन लिवली, तेकाच ती पुसूक येता. माझा नाव नोंदवलेला नाय. माका चिकटवक येता, काढूक येना नाय.”

म्हणजे असं झालं. हेमंत उठणार आमच्या दुपारी साडेचारला. उठला की आधी हे पान उघडणार. त्यावर दोनशे बायका ओरडत असणार, तुझी आई कुठं आहे, म्हणून. मुलाला फसवून काही उपयोग नव्हता. वैनीचं घर आता त्या बायकांच्या हातात होतं, आणि त्या तिच्या मायेपोटीच ते घालवायला निघाल्या होत्या.

मी विचार केला. लिहिलं तर राहतं. चित्र मात्र मिनिटात पुसलं जातं. आणि हेमंत झोपलेला.

मी उभा राहिलो.

“काय करतस?” टीचर ओरडल्या.

“पार्ट,” मी म्हटलं. डोळ्यासमोर जाऊन उभा राहिलो, आणि डोक्यावरचं गंगावन काढलं.

*

एका मिनिटाला एक चित्र. म्हणजे एकेका सोंगात मिनिटभर दगडासारखं उभं राहायचं, डोळा कधी मिटतो ते कळत नाही म्हणून. मला त्याचं काय! मी देवी होऊन अख्खी आरती संपेपर्यंत पापणी न हलवता उभा राहिलेला माणूस. एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात मुंगी चालत गेली आणि कंटाळून परत आली.

पहिलं सोंग: तुळतुळीत टक्कल, अंगावर लुगडं, हात जोडलेले. बायांनो, मी ती नव्हे.

दुसरं: वैनीचं पातळ दोरीवरून ओढून हृदयाशी धरलेलं. पण तिचा मी आपला माणूस.

तिसरं: हाताच्या तळव्यावर दोन बोटं चालत निघालेली, दुसरं बोट वाटेकडे. ती गेलीय. आपल्या पायांनी गेलीय.

चौथं: पितळी ताट सूर्य म्हणून वर धरलं, मग पुढच्या मिनिटाला खाली गुडघ्याशी, आणि बोटं परत घराकडे चालत आलेली. येईल. दिवस कलायच्या आत येईल.

मग अवघड काम होतं. मुलगा. मी बाळ झोपवलं, मिनिटभर. बाळ वाढलं, माझ्यापेक्षा उंच. हात पसरून विमान केलं. मग माझाच एक हात मुलगा झाला आणि दुसऱ्या हाताचं मनगट धरून ओढायला लागला, आणि दुसरा हात पडवीच्या खांबाला असा काही बिलगला की, खरं सांगतो, मला माझाच कळवळा आला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम केलं नाही, आणि समोर प्रेक्षक म्हणून वाशाला लटकलेली सुपारीची डबी!

शेवटचं सोंग सगळ्यांना कळतं. ओठांवर बोट.

ते सोंग मी सोडेना.  बोट तसंच ठेवून आत हाक मारली.

“टीचर?”

आतून खुर्ची करकरली.

“टीचर, काय म्हणतत?”

“कायच म्हणनत नाय,” टीचर हळू आवाजात म्हणाल्या. “भिकू, हडे ये. बघ.”

डोळ्याच्या टप्प्याबाहेरून वाकून मी दाराशी गेलो. पडद्यावर ओळींचा ढीग होता. मी बघत असतानाच त्यातली एक नाहीशी झाली. खालची वर सरकली. मग दुसरी गेली. नर्सची गेली. पोलिसांचा नंबर विचारणारी गेली. मॉरीनची गेली, मग तिची कालचीही गेली, परवाचीही, सालं हुंगण्याची, हिरव्या पातळाची, जे जे म्हणून तिनं आजीला लिहिलं होतं ते सगळं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत, कुणाकडे रात्र, कुणाकडे उजाडतंय, त्या बायका आपापल्या घरात बसून आपलं लिहिलेलं पुसत होत्या. एकमेकींशी ठरवलं असेल म्हणावं तर ते लिहायलाही जागा तीच. कुणी काही ठरवलं नव्हतं. एकीनं पुसलं, दुसरीनं बघितलं.

टीचरांनी छातीवर क्रूस काढला. मी हात जोडले, का ते माहीत नाही.

शेवटी एक ओळ उरली. ती जाईना.

“तेरेझा,” टीचर म्हणाल्या. “तिणां आधीचा सगळा पुसल्यान. ही नवी आसा. ‘मी तिला बघेन, तेव्हा पुसेन.’”

मला राग नाही आला. मी तिच्या जागी असतो तर मीही टकल्या बाप्याच्या हातवाऱ्यांवर विश्वास ठेवला नसता.

*

दुपारभर मी सोलं बुडवली. आता कुणासाठी बसलो नव्हतो, त्यामुळं पाठ आपोआप वाकली. एकदा पिळलेलं साल हुंगून बघितलं. आंबट, खारट, आणि पाठीमागून उन्हाचा वास. बरं वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून हा वास मला माहीत नव्हता.

चार वाजले. एस्टी नाही. टीचर घड्याळाकडे बघत जपमाळ ओढत होत्या. हेमंत उठायला अर्धा तास, आणि त्या पांढऱ्या पानावर ती एकच ओळ डोळे वटारून बसलेली.

मग मागच्या आगरातून पावलं वाजली. वैनी सड्यावरून, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरून, आडवाटेनं चालत आली होती. एस्टी नाक्यावर बंद पडली म्हणाली. हे सगळं मी नंतर ऐकलं, कारण त्या क्षणी मला तिच्या तोंडाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

वैनीला मिशी होती.

चांगली पिळदार, काळी, कानापर्यंत ओढलेली. गालांवर अर्धवट पुसलेला गुलाबी रंग. कपाळावर गंधाचा उभा पट्टा. रंगपटात आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ती कोर्टातून आली नव्हती की डॉक्टरकडून.

“वैनी... राजा?”

“राजा,” वैनी म्हणाली. पिशवी उघडून तिनं आतला पुठ्ठ्याचा मुकुट दाखवला. “कुडाळाक बायकांच्या दशावताराची स्पर्धा होती. भाचयेचो संच. त्यांचो राजा आजारी पडलो. माका म्हणाली, मावशे, येशील? गेलंय.”

“माका सांगूक काय झाला होता?”

“गेल्या जत्रेक तुमी पारावर काय बोलल्यात? ‘बायका काय नाटक करतल्यो, तेंका भाकरी करूक सांगा.’ मी पाणी भरूक जाय होतंय. आयकलंय.”

मला आठवत होतं. टाळी घेतली होती मी त्या वाक्यावर.

“पण शिकलास खंय, वैनी? दशावताराक तर लिवलेला कायच नसता!” खरंच नसतं. आमच्या नाटकाला पुस्तक नाही. कथा माहीत असते, पण बोलणं उभ्या उभ्या मनातून काढायचं. समोरच्यानं शब्द टाकला की आपण झेलायचा. झेलता आला नाही तर रंगमंचावर मेलात.

“तुमच्याकडून,” ती म्हणाली. “तुमी राणी होवन इचारूचात, आणि राजाचो पार्ट करणारो कायतरी मिळमिळीत उत्तर देय. बायकांत बसान मी मनात म्हणा, हा नाय उत्तर. मगे घराक येवन सोलां घालताना उत्तर दी. वर्सांन्‌वर्सां दितंय. तो खांब म्हंजे तुमी.”

खांबाकडे वळून हसते, असं तेरेझानं लिहिलं होतं. अंगावर काटा आला. मी राणी म्हणून गावोगाव मिरवत होतो आणि माझा राजा कुंपणापलीकडे सोलं पिळत होता.

“वैनी, आधी मिशी पुसा! हेमंत उठतलो!” टीचर खोबरेल तेलाची वाटी घेऊन धावत आल्या. “आणि ही तेरेझा अडून बसलीहा! तिका तू दिसूक होयी.”

घाईघाईनं आम्ही तिला सगळं सांगितलं. नॉर्वे, स्कॉटलंड, पुसलेल्या ओळी. वैनी ऐकत राहिली. मग ती तशीच मिशीसकट जाऊन डोळ्यासमोर बसली.

“भावजी, इचारा,” ती म्हणाली.

“काय?”

“राणी इचारता ता.”

वेळ नव्हता. पण असं म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? मी टकलावर पदर घेतला, खांबाला टेकलो आणि राणीच्या आवाजात, जसं शंभर जत्रांत विचारलं होतं तसं विचारलं, “महाराज, एवढी वर्षं आपण कुठं होतात?”

वैनीनं मान वर केली. मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत गावाला ठाऊक आहे तरी सांगतो, ती बसल्या जागी वीतभर उंच झाली. आवाज आला तो तिच्या घशातून नव्हे, जमिनीखालून आला.

“मी कुठंही गेलो नव्हतो, राणी. ज्या खांबाला टेकून तू माझी वाट बघत होतीस, तो तुला कोण वाटला?”

आता राणीनं उत्तर द्यायचं. मी तोंड उघडलं. पुण्याच्या विद्वानांना, गोव्याच्या जमीनदार भाटकारांना, भर सभेत कुणाला मी शब्द कमी पडू दिला नव्हता. आणि तिथं लुगडं नेसून मी उभा राहिलो, तोंड उघडं, आणि आत एक शब्द नाही.  एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच समोरच्या राजाला मी बघत होतो.

वर डोळ्यानं ते चित्र काढलं असणार. मिशीवाली आजी, ओठ उघडे. आणि तिच्यापुढे मेलेला मी.

“गेली,” आतून टीचर म्हणाल्या. “तेरेझाची ओळ गेली!”

तेलाचा बोळा फिरला, मिशी गेली, गंध गेलं, गालांवर थोडी लाली राहिली ती उन्हावर खपेल म्हणून तशीच ठेवली. मी पळत जाऊन दाराआड लपलो. फोन वाजला.

“आई, घसा कसा आहे?”

“बरो आसा.”

“सकाळी मस्त दिसत होतीस. मी झोपताना विचार केला, तुला इथं आणायचं या वर्षी राहू दे. तब्येत चांगली आहे तर राहा तिथं.” मग तो जरा थांबला. “अगं, पण तुझं पान रिकामं झालंय. जुने निरोपसुद्धा नाहीत. एकही नाही. सगळे कंटाळून गेलेले दिसतायत. वाईट नको वाटून घेऊस हं.”

वैनीनं रिसीव्हर कानाला धरून वर वाशाकडे बघितलं. तो बसवल्यापासून पहिल्यांदाच तिनं सरळ त्या डोळ्यात बघितलं, चांगलं मिनिटभर, चित्र निघेपर्यंत.

“खंय जातली?” ती म्हणाली. “हयच आसत सगळी. गप बसली आसत.”